घरच्या हॅम स्टेशनचा अँटेना: निवडण्यापासून उभा करण्यापर्यंत

हँडसेटवर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, सुरुवात केलेल्या माणसाला चार-सहा महिन्यांत वाटू लागतं, की आता घरी एक कायमचं स्टेशन हवं. मग तो सेट बघायला लागतो. कोणता सेट, किती वॅटचा, किती बँडचा, यात आठवडे जातात. अँटेना मात्र शेवटी उरलेल्या पैशांत, घरात पडून असलेल्या केबलवर, सापडेल त्या कोपऱ्यात उभा राहतो. मी नवख्यांना उलटा क्रम सांगतो: आधी जागा, मग अँटेना, मग केबल आणि तिचे जोड, आणि सेट सगळ्यांत शेवटी. साधा सेट चांगल्या अँटेनावर छान बोलतो. भारी सेट वाईट केबलवर मुका होतो, आणि मीटर मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतो. हे कसं घडतं, ते पुढे सांगतोच.

बटण दाबून बोलायचं तर हौशी रेडिओचा परवाना लागतो. खांब किती उंच चालेल, इमारतीची परवानगी लागते का, जवळ विमानतळ असेल तर काय बंधनं आहेत, हे तुमच्या ठिकाणच्या नियमांवर अवलंबून आहे. ते काम काढण्यापूर्वी पाहून घ्या.

पायरी १: बोलायचं कुणाशी, ते ठरवा

आसपासच्या मित्रांशी थेट किंवा रिपीटरवरून (आलेला आवाज उंचावरून पुन्हा प्रसारित करणारं स्टेशन) बोलायचं असेल, तर तुमचे बँड दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर, म्हणजे साधारण १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झ. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, म्हणून इथे अँटेना लहान असतो आणि उंची महत्त्वाची असते. शेकडो-हजारो किलोमीटरवर बोलायचं असेल, तर एचएफ, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ. तिथे लहर आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत फिरून खाली येते आणि अँटेना म्हणजे बहुधा दहा-वीस मीटर लांबीची तार असते.

लांबीचं गणित सोपं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४५ मेगाहर्ट्झला ती २.०७ मीटर, आणि तिचा चौथा हिस्सा ५१.७ सेंटिमीटर. प्रत्यक्षात धातूची दांडी याहून साधारण पाच टक्के आखूड लागते, म्हणजे ४९ सेंटिमीटर. हा हिशेब एकदा अंगवळणी पडला, की कोणताही अँटेना पाहिल्यावर तो कोणत्या बँडचा असेल याचा अंदाज येतो.

दोन्ही प्रकार एकाच अँटेनावर उरकण्याचा मोह नवख्याला होतो. तो टाळा. एक काम ठरवा आणि त्याचा अँटेना नीट लावा. दुसरा पुढच्या वर्षी लावता येईल.

पायरी २: जागा फिरून पाहा

सगळ्यांत आधी वर बघा. विजेच्या तारा कुठून जातात? खांब, अँटेना किंवा अँटेनाची तार कोणत्याही दिशेला पडली, तरी विजेच्या तारेला लागता कामा नये. खांब आणि अँटेना मिळून जी उंची होते, तिच्या निदान दीडपट अंतर विजेच्या तारांपासून ठेवा. तारेचा अँटेना विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीही ओढू नका. खांब उभा करताना तो विजेच्या तारेला टेकला आणि माणसं गेली, असे अपघात या छंदात झालेले आहेत. जागा बसत नसेल, तर छोटा अँटेना लावा.

मग बॅटरीवर चालणारा रेडिओ हातात घेऊन संध्याकाळी, सगळ्यांचे दिवे लागलेले असताना, गच्चीवर किंवा अंगणात फिरा. एलईडी दिवे, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर हे सगळे रेडिओत खरखर ओततात. एका कोपऱ्यात जी खरखर कान बधिर करते, ती पंधरा पावलांवर जवळजवळ नाहीशी झालेली मी पाहिली आहे. एचएफवर तर हे फिरणं नक्की करा. जे ऐकूच येत नाही, त्याला उत्तर देता येत नाही.

उंचीबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणलं, की सपाट मुलखात रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. ९ मीटरवर ते सुमारे १२ किलोमीटर होतं. ते दुप्पट करायचं तर उंची चौपट, म्हणजे ३६ मीटर लागेल. घरगुती खांबाला ते जमणार नाही. उलट रिपीटर ४०० मीटर उंच डोंगरावर असेल, तर त्याचं क्षितिज ८२ किलोमीटर येतं आणि तुमचे १२ त्यात मिळतात. म्हणून आणखी तीन मीटर पाइप चढवण्यासाठी जिवाचा आटापिटा करू नका. शेजारची छपरं, पाण्याच्या टाक्या, झाडं यांच्या डोक्यावर अँटेना निघाला, की उंचीचा मोठा फायदा पदरात पडलेला असतो.

पायरी ३: अँटेना निवडा

एफएमवरच्या गप्पांसाठी आणि रिपीटरसाठी उभा अँटेना लागतो, कारण सगळे उभाच वापरतात. तुमचा आडवा आणि समोरच्याचा उभा असेल, तर २० डेसिबलपर्यंत (डेसिबल म्हणजे ताकद किती पट वाढली-घटली ते सांगणारं माप) फटका बसू शकतो, म्हणजे शंभरातला एक भाग उरतो. दोन मीटरवर एसएसबीने (एफएमहून वेगळी, दूरच्या बोलण्याची पद्धत) दूरचं बोलणारे मात्र आडवा लावतात.

पहिला अँटेना घरी बनवा, असं मी आग्रहाने सांगेन. पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन. केबलचा कनेक्टर ज्यात बसतो ते एक एसओ-२३९ सॉकेट घ्या, चौकोनी पट्टीचं, चार कोपऱ्यांत चार भोकं असलेलं. मधल्या पिनेवर दोन-तीन मिलिमीटर जाडीची तांब्याची तार उभी सोल्डर करा, आधी ५१ सेंटिमीटर लांब ठेवून. चार कोपऱ्यांतल्या भोकांत नट-बोल्टने चार रेडियल, म्हणजे चार बाजूंना पसरणाऱ्या तारा, बसवा, प्रत्येकी ५२ सेंटिमीटर. रेडियल आडवे ठेवले, तर अँटेनाचा अवरोध ३६ ओहमच्या आसपास राहतो. ते ४५ अंशांनी खाली वाकवले, की तो ५० ओहमच्या जवळ येतो, आणि तुमचा सेट व केबल ५० ओहमचेच असतात. हा बदल स्वतः एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून किती ऊर्जा परत फिरते ते दाखवणारा मीटर) बघा. रेडियल हाताने हळूहळू खाली वाकवत गेलं, की काटा खाली येताना दिसतो. अँटेना म्हणजे काय, हे मला त्या पाच मिनिटांत जेवढं समजलं, तेवढं आधीच्या वाचनातून समजलं नव्हतं. एक काळजी घ्या: प्रत्येक तारेचं टोक वळवून छोटी कडी करा, डोळ्यात जाऊ नये म्हणून. टोक वळवून मग लांबी मोजा.

विकतचा घ्यायचा, तर फायबरग्लासच्या पांढऱ्या नळीतला कॉलिनियर (एकावर एक रचलेले अँटेना) बहुतेक जण घेतात. त्याच्या जाहिरातीतला गेनचा आकडा तपासून घ्या. डीबीआय (सगळीकडे सारखं सोडणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना) आणि डीबीडी (डायपोलशी तुलना) यांत २.१५ चा फरक असतो, आणि नुसतं 'डीबी' लिहिलं असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. गेन म्हणजे जास्तीची ताकद नव्हे. वर आणि खाली वाया जाणारी ऊर्जा चेपून क्षितिजाकडे वळवलेली असते, एवढंच. सपाट भागात हे सोन्यासारखं आहे. पण रिपीटरच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी राहणाऱ्याला जास्त गेनचा लांब अँटेना कधीकधी साध्या ग्राउंड प्लेनपेक्षा कमी पडतो, कारण रिपीटर त्याच्या अरुंद पट्ट्याच्या वर राहतो. रेडियल नको असतील, तर जे-पोल चांगला. तो अर्ध्या तरंगलांबीचा असतो आणि खालच्या पाव तरंगलांबीच्या भागाने जुळवून घेतो.

एकाच दिशेला दूर पोचायचं असेल, तर यागी, म्हणजे एका दांडीवर ओळीने समांतर काड्या बसवलेला अँटेना. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांच्या कामातून १९२६ साली पुढे आलेली ही रचना एकेकाळी टीव्हीसाठी घराघरांच्या छपरांवर होती. पण यागीला फिरवायला रोटेटर लागतो, वारा जास्त लागतो आणि मागचं ऐकू येत नाही. पहिल्याच वर्षी घ्यायची ही वस्तू नाही.

एचएफसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, यात मला शंका नाही. १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ मेगाहर्ट्झला २०.०७ मीटर, म्हणजे मध्ये फीड (केबल जोडायची जागा) आणि दोन्हीकडे दहा-दहा मीटरच्या भुजा. दोन उंच आधार नसतील, तर मध्ये एकच खांब आणि दोन्ही भुजा उतरत्या सोडा. मधला कोन ९० अंशांहून कमी नको. फीडच्या जागी एकास एकचा बालन (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा भाग) किंवा फेराइटच्या कड्यातून फिरवलेल्या केबलचा चोक लावा. नाहीतर केबलच्या मधल्या तारेभोवतीची जाळीच अँटेना होऊन बसते आणि घरातली सगळी खरखर सेटमध्ये आणते. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल आठ-दहा मीटर उंचीवर असेल, तर बरीच ऊर्जा सरळ वर जाते आणि दोन-चारशे किलोमीटरवरची स्टेशनं मजबूत ऐकू येतात. हा तोटा समजू नका. रोजच्या गप्पा त्याच अंतरात होतात. हाच डायपोल २१ मेगाहर्ट्झवरही चालतो, तिप्पट फ्रीक्वेन्सी म्हणून. आणि भुजांची टोकं कुणाचा हात पोचणार नाही इतकी उंच ठेवा. बोलत असताना तिथे मोठा व्होल्टेज असतो, हात भाजतो.

पायरी ४: केबल, जिथे सगळे चुकतात

२० मीटर केबल आणि सेटमधून निघणारे १० वॅट धरा. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ सारखी बारीक केबल सुमारे ४ डेसिबल खाते, अँटेनापर्यंत ४ वॅट पोचतात. त्याहून जाड आरजी-२१३ वर साडेसहा वॅटच्या आसपास, एलएमआर-४०० वर जवळपास ८. आता ४३५ मेगाहर्ट्झला जा. त्याच बारीक केबलमध्ये सुमारे ७ डेसिबल जातात आणि अँटेनाला २ वॅट मिळतात. उरलेले आठ वॅट केबल गरम करतात. आणि हे फक्त बोलण्याचं झालं. ऐकताना येणारा कमकुवत आवाजही त्याच केबलमधून तेवढाच झिजत येतो. सहा डेसिबलच्या महागड्या अँटेनाखाली सात डेसिबल खाणारी केबल लावलेली स्टेशनं मी पाहिली आहेत. ७ मेगाहर्ट्झला मात्र त्याच २० मीटर आरजी-५८ मध्ये एक डेसिबलही जात नाही. म्हणून एचएफला बारीक केबल खुशाल वापरा, व्हीएचएफ-यूएचएफला (म्हणजे १४५ आणि ४३५ ला) जाड आणि जितकी आखूड जमेल तितकी.

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. एसडब्ल्यूआर मीटर अँटेनाकडून परत आलेली ऊर्जा मोजतो: १ म्हणजे काहीच परत आलं नाही, आकडा जितका मोठा तितकी जास्त ऊर्जा परत. ४३५ मेगाहर्ट्झला ७ डेसिबल खाणाऱ्या त्या केबलचं वरचं टोक अँटेनाविना तसंच उघडं सोडा. वर गेलेली सगळी ऊर्जा परत फिरते, पण जाताना ७ आणि येताना ७, अशी १४ डेसिबल झिजून. खाली सेटजवळचा मीटर किती दाखवेल? १.५. म्हणजे अँटेना जागेवर नाही, आणि मीटर म्हणतो उत्तम आहे.

हे माझ्याच घरी घडलं. एका पावसाळ्यात रिपीटरवरचे लोक म्हणू लागले, तुझा आवाज पडला. मी मीटर लावला, तर एसडब्ल्यूआर पूर्वीपेक्षा चांगला. मी निश्चिंत झालो आणि दोन महिने सेटमध्येच दोष शोधत बसलो. शेवटी वर चढून कनेक्टर सोडवला. आतून पाण्याचा थेंब बोटावर आला. बाहेरचं प्लास्टिक चाकूने चिरलं, तर चकचकीत तांबडी असायला हवी ती जाळी काळी पडलेली, मधल्या तारेवर हिरवट पूड. चिरत चिरत दीड मीटर खाली आलो, तरी जाळी काळीच. पाणी केशनलिकेसारखं जाळीतून उतरत गेलं होतं. केबल जितकी कुजली, तितकी परत येणारी ऊर्जा गिळत गेली, आणि मीटर सुधारत गेला.

त्यामुळे जोडांना वेळ द्या. केबलच्या टोकाला पीएल-२५९ कनेक्टर (एसओ-२३९ मध्ये बसणारा) लावताना जाळीचा एकही केस मधल्या तारेला शिवता कामा नये. सोल्डर चमकदार आणि वाहतं दिसलं पाहिजे. गोळा होऊन बसलं, तर जोड थंड राहिला, परत करा. दोन्ही कनेक्टर लावून झाले, की अँटेना जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावा: पीन ते पीन जोडलेली, जाळी ते जाळी जोडलेली, पीन आणि जाळी यांच्यात काही नाही. ही तपासणी आधीच करायची, कारण काही अँटेना आतून डीसीला शॉर्टच असतात आणि नंतर मोजलं तर घोटाळा होतो. पीएल-२५९ पाणी अडवत नाही. एन टाइप या दुसऱ्या कनेक्टरला आत रबरी कडी असते, तो बरा. ४३५ ला तोच वापरा.

पायरी ५: खांब आणि उभारणी

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की खांबावरचा जोर चौपट होतो. आज हलत नाही म्हणून वादळात हलणार नाही, असं धरून चालू नका. तीन-चार मीटरहून उंच पाइपला तणावे हवेत: तीन, एकमेकांशी १२० अंशांत, खांबाच्या उंचीच्या निदान निम्म्या अंतरावर बांधलेले, आणखी लांब जमलं तर उत्तम. अँटेनाच्या जवळ लोखंडी तार नको. उन्हाला टिकणारा पॉलिस्टरचा दोर घ्या. नायलॉन ताणतो आणि सैल पडतो. पांढरे प्लास्टिकचे टाय उन्हाने वर्षभरात ठिसूळ होतात, काळे घ्या.

सगळं जमिनीवर जोडा, जमिनीवर मोजा, मग उभं करा. निदान दोघे जण हवेत, एकाने खांब धरायला आणि दुसऱ्याने तणावे बांधायला. वारा किंवा ढग असतील, तर काम दुसऱ्या दिवशी.

जोड झाकताना आधी साध्या विद्युत टेपचा एक थर द्या, म्हणजे पुढे सोडवताना कनेक्टर चिकट होत नाही. त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप, ताणून, निम्मी निम्मी एकमेकांवर चढवत, खालून वर. कौलं जशी वरच्याने खालच्याला झाकतात, तसं पाणी मग वरूनच घसरतं. शेवटी पुन्हा एक थर काळ्या टेपचा, उन्हासाठी. अँटेनाच्या तळाशी बारीक भोक असेल, तर ते बुजवू नका. आतला दमटपणा तिथूनच बाहेर पडतो. आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी भिंतीत न जाता झोळातून टपकतं.

पायरी ६: वीज

थेट पडणाऱ्या विजेपासून कोणताही अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा भाग) तुमचा सेट नक्की वाचवेल, असं नाही. तरी खांबाला जाड तांब्याने जमिनीशी जोडा, केबल घरात शिरते तिथे अरेस्टर लावा आणि त्याचीही अर्थिंग तिथेच द्या. ही अर्थिंग घराच्या अर्थिंगशी जोडलेली हवी. दोन वेगळ्या ठेवल्या, तर वीज पडल्यावर दोघींतला व्होल्टेज तुमच्या सेटमधून वाट काढतो. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्या. गॅसच्या पाइपला अर्थिंग कधीच नाही. आणि आभाळ गडगडण्याच्या आधी, नंतर नव्हे, केबल सेटपासून सोडवून लांब ठेवा.

पायरी ७: मीटर लावा आणि छाटा

कमी पॉवरवर, मोकळी फ्रीक्वेन्सी बघून आणि आपलं कॉलसाइन (परवान्यावरची ओळख) सांगून, बँडच्या तळाला, मध्ये आणि वरच्या टोकाला एसडब्ल्यूआर मोजा. नॅनो व्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं उपकरण मिळालं, तर त्याहून बरं. ते केबलविना थेट अँटेनावरही लावता येतं. एसडब्ल्यूआर तळाला चांगला आणि वर वाईट असेल, तर अँटेना लांब आहे. उलट असेल, तर आखूड.

किती छाटायचं, तेही गणिताने येतं. २०.५ मीटरचा डायपोल ६.९५ मेगाहर्ट्झला सर्वांत चांगला दिसतो आणि तुम्हाला ७.१ हवा आहे, तर २०.५ गुणिले ६.९५ भागिले ७.१, म्हणजे २०.०७. दोन्ही भुजा एकवीस-बावीस सेंटिमीटरने आखूड करा. एकदम कापू नका. तार मागे दुमडून स्वतःवरच घट्ट पिळा, परत मोजा, आणि खात्री झाल्यावरच पक्कड लावा. कापलेली तार परत येत नाही.

१.५ ला चार टक्के ऊर्जा परत येते, २ ला अकरा टक्के, ३ ला पंचवीस. १.५ आला, की थांबा. १.१ च्या मागे लागून पुन्हा पुन्हा खांब उतरवण्यात काही हशील नाही. डमी लोडचा (अँटेनाच्या जागी लावायचा, ऊर्जा उष्णतेत घालवणारा ५० ओहमचा रोधक) एसडब्ल्यूआर तर १ असतो, आणि तो बाहेर काहीच सोडत नाही.

म्हणून आणखी दोन गोष्टी करा. पॉवर मीटर असेल, तर अँटेनाच्या टोकाशी डमी लोड लावून केबलमधून वर किती वॅट पोचतात, ते मोजा. आणि दूरचं, नेहमी चालू असणारं एक स्टेशन किंवा रिपीटर निवडून त्याचा सिग्नल सेटवर किती दिसतो, ते टिपून ठेवा. हे तीनही आकडे, तारीख आणि हवामान एका वहीत लिहा. दर वर्षी पावसाच्या आधी वर जाऊन तणावे, बोल्ट आणि टेप हाताने तपासा, तेच तीन आकडे परत घ्या आणि जुन्यांशेजारी लिहा. एसडब्ल्यूआर कारण नसताना सुधारलेला दिसला, तर सगळ्यांत वरचा जोड उघडून बघा.